लाल पेनड्राइव्ह मोकळा नव्हता

मी, गोरक्ष किसन गर्जे, वय ६६, धंदा कॉम्प्युटर दुरुस्ती, राहणार पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनाच स्वतःच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आठवेना, तो मी तिथे बसून काढून दिला. हृदयात दोन स्टेंट बसल्यापासून मला लिहून ठेवायची घाई झाली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी जुनं दाखवलं तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर, त्यातल्या चीजवस्तू आणि बँकेतली ठेव माझी पत्नी सौ. मालन हिला. ती आहे तोवर घर विकण्याची भाषा तिच्यासमोर कोणी काढू नये. तिच्या पश्चात घर आदिनाथ आणि स्नेहल या माझ्या दोन लेकरांना निम्मं निम्मं.

कलम २. गावाकडची दोन एकर जमीन आदिनाथला. तो एसटीत ड्रायव्हर आहे, पण सुट्टीला येतो तो आधी बांधावर जातो, मग घरी. माझे आईवडील दर साली दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी मामाकडे शाळेसाठी राहिलो म्हणून माझ्या हातात कोयत्याऐवजी पेचकस आला. जमीन त्या दोघांच्या घामाची आहे, हे आदिनाथला सांगावं लागणार नाही.

कलम ३. दुकान, सगळी हत्यारं आणि दुकानाचं नाव स्नेहलला. या दुकानात आधी रेडिओ आले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. गेली नऊ वर्षं खरं दुकान तीच चालवते, मी नुसता स्टुलावर बसून चुका काढतो. खिळ्याला अडकवलेले सात बूटेबल पेनड्राइव्हही तिचेच. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो, बंद पडलेला कॉम्प्युटर ज्याच्यावरून चालू करता येतो तो बूटेबल. त्या सातांवर चिकटपट्टी आहे आणि कशात काय ते लिहिलं आहे. ती पट्टी कोणी काढू नये.

स्नेहल, तुला तीन गोष्टी सांगतो, ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील तरी. गिऱ्हाइकाचा डेटा बघायचा नाही, फक्त वाचवायचा, आणि काम झालं की आपल्याकडची नक्कल त्याच्यादेखत पुसायची. महत्त्वाचं असेल ते तीन ठिकाणी ठेवायचं आणि कुलूप लावून ठेवायचं. आणि पेनड्राइव्ह बूटेबल करताना प्रोग्राम विचारतो, यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का? तिथे हात मागे घ्यायचा आणि आधी आत बघायचं. मी नाही घेतला. ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. शेजारचा झेरॉक्सवाला राम यास एक नवा पेनड्राइव्ह. २०१९ साली हळदीची गाणी भरायला म्हणून त्याने माझा बत्तीस जीबीचा नेला, वर्षाने परत आणला, तोही व्हायरससकट. दुकानातले तीन कॉम्प्युटर एका दिवसात झोपले. मी त्याला माफ केलेलं नाही. नव्या पेनड्राइव्हला लिहिणं बंद करायचं बटण आहे, ते दाबूनच त्याला द्यावा. एवढं असूनही साक्षीदार तोच आहे, कारण आमच्या गल्लीत तोंडावर खरं बोलणारं माणूस दुसरं नाही.

कलम ५. लाल पेनड्राइव्ह, आठ जीबी, टोपण हरवलेला. हा मालनचा आहे. मी तिचीच वस्तू तिला देत आहे.

२०१२ साली स्नेहलने आजीच्या, म्हणजे माझ्या सासूबाई पारूबाईंच्या, जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या. मोबाईल जात्याशेजारी चालू ठेवून ती निघून जायची, म्हातारी गात राहायची. एकतीस रेकॉर्डिंग झाली. स्नेहलने ती या पेनड्राइव्हवर घालून आईला दिली आणि मोबाईल भरला म्हणून त्यातली पुसून टाकली. दुसऱ्या साली सासूबाई गेल्या. मालन तो पेनड्राइव्ह रुमालात गाठ मारून ठेवायची आणि मी दुकानात गेलो की छोट्या स्पीकरला लावून ऐकायची. मी घरात पाऊल टाकलं की बंद करायची. मला वाटायचं, लाजते.

एक दिवस दुकानात गर्दी होती, एका शाळेचा कॉम्प्युटर बसला होता आणि सातही पेनड्राइव्ह कामात गुंतलेले. मी घरी फोन केला, "एखादा पेनड्राइव्ह मोकळा हाय का गं?" ती म्हणाली, "हाय की, लाल मोकळाच हाय, फळीवर." तिने त्या दिवशी ऐकून झाल्यावर रुमालाची गाठ मारली नव्हती, म्हणून तिच्या लेखी तो मोकळा. माझ्या लेखी मोकळा म्हणजे रिकामा. आदिनाथने आणून दिला, मी आत न बघता बूटेबल केला. शाळेचा कॉम्प्युटर चालू झाला. संध्याकाळी आदिनाथने तो घरी नेला, मालनने स्पीकरला लावला आणि त्यातून काहीच आलं नाही.

ती मला एका शब्दाने बोलली नाही. ताट वाढलं, पाणी दिलं. तिने भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी त्यावर पुन्हा काहीही न लिहिता तो काडेपेटीत जपून ठेवला. २०२० ला दुकान बंद होतं तेव्हा पुसलेलं शोधून काढणाऱ्या नव्या प्रोग्रामने खोदकाम केलं आणि एकतीसपैकी एकोणीस ओव्या सापडल्या. मी दुकानातच शटर ओढून रडलो. मग एकेक ऐकत गेलो. अकराव्या रेकॉर्डिंगमध्ये जातं थांबलं आणि सासूबाई म्हणाल्या, "ह्यो जावई निस्ता डबडी खोलत बसतो. माज्या लेकीचं काय भलं व्हनार त्याच्या हातून?"

मी तिथेच बंद केलं. पुढचं आजतागायत ऐकलेलं नाही. पासवर्ड घातला आणि मालनला सांगितलं, काही सापडलं नाही. पुसलं गेलं ती चूक होती. हे मात्र मी फुगून, समजून उमजून केलं. पाच वर्षं तिची आई मी कुलपात ठेवली. हे मला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

ओव्या आता तीन ठिकाणी आहेत, लाल पेनड्राइव्हवर, दुकानात आणि बँकेच्या लॉकरात. तिन्हींना एकच पासवर्ड. तो या कागदावर लिहिता येत नाही, हा कागद चार माणसं वाचणार. मालन, लग्नात तू घेतलास तो उखाणा, मराठीत, मधे जागा न सोडता. त्यानंतर तू कधी माझं नाव घेतलं नाहीस, इथे एकदा घ्यावं लागेल. माझ्या पश्चात स्नेहलने तिला मशीन चालू करून द्यावं आणि बाहेर जावं.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी स्नेहलने करावी. माझ्या दहाव्याला चौकात फ्लेक्स लावू नये. माझा फोटो चांगला येत नाही.

स्थळ: पाथर्डी. दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५.
सही: गोरक्ष किसन गर्जे
साक्षीदार: १. राम, झेरॉक्स दुकानदार. २. सुनील, निवृत्त पोस्टमन.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला जोडून लिहून ठेवतो की, सही करण्याआधी रामने सगळा कागद वाचला. खरं तर साक्षीदाराला वाचायची गरज नसते. कलम ४ वर तो हसला, कलम ५ वर मात्र पेन खाली ठेवून म्हणाला, "गोरक्षभाऊ, मेल्यावर कशाला? वहिनी काय तुमच्या फोटूला जाब इचारनार हायत का?" सही त्याने केली, पण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

काल दुपारी मी लाल पेनड्राइव्ह मालनच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. तिने तो पदराने पुसला. मग म्हणाली, "मशीन आना."

स्नेहल आणि मी भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. एका बोटाने तिने उखाणा लिहिला. उघडेना. पुन्हा लिहिला, उघडेना. मी भिंतीकडे बघतच म्हणालो, "बरोबर लिहू नको. मांडवात चुकली हुतीस तसा लिही."

"चुकल्यालं ध्यानात ठिवलं व्हय यवढी वर्सं?" ती म्हणाली, आणि मशीन उघडलं.

दहा ओव्या झाल्या. अकरावी आली तेव्हा मी बंद करायला हात पुढे केला. तिने माझा हात धरला. "थांबा. फुडं ऐका." सासूबाई म्हणाल्या ते म्हणाल्याच. त्यानंतर मालनचा आवाज आला, तेरा वर्षांपूर्वीचा. "आये, त्ये खोलत्यात तेवढं जोडत्यात बी. जोडल्याबिगर जेवाया उठत न्हाईत. मला आसलाच मानूस पायजे हुता." मग जातं पुन्हा सुरू झालं.

मी आल्यावर ती स्पीकर का बंद करायची ते मला काल कळलं. आईचं बोलणं माझ्या कानावर पडू नये म्हणून. मी रडलो, हे लिहायला मला लाज नाही. "झाला का आता जीव मोकळा?" तिने विचारलं. झाला म्हणालो.

सबब कलम ५ रद्द समजावं, बाकी कलमं कायम. पासवर्ड मालनने आजच बदलून घेतला असून नवा मला सांगितलेला नाही.

स्थळ: पाथर्डी. दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५.
सही: गोरक्ष किसन गर्जे
साक्षीदार: १. राम. २. सुनील.

पोच: लाल पेनड्राइव्ह भरलेला मिळाला.
सही: सौ. मालन गोरक्ष गर्जे