पावाची शिदोरी

शुक्र. १८ जाने. ५७, चामोर्शी

वत्सू संध्याकाळच्या मोटारीने आली. दोन वर्षांनी धाकटी बहीण भेटली, आणि हातपाय धुवायच्या आतच, "सुमीला या खेपेला पुण्याला नेते. सोमवारीच." तिच्या घरी मूल नाही. माझी पोर सातवी होऊन घरी बसलेली, पुढची शाळा इथे नाही. सगळं खरं. तरी...

"सुमीलाच विचारा," एवढं बोलून हे बाहेर गेले. एक साग तोडायचा तर आमचे रेंजरसाहेब चार दिवस विचार करतात.

मी लिहिलेल्या गोष्टी आधी सुमी वाचते. "आई, हे खोटं वाटतं," तोंडावर सांगते. ती गेली तर कोण सांगणार?

ठरवलं. इथे काही कमी नाही हे दोघींना दाखवायचं. उद्या मार्कंड्याची देवळं. वत्सूला सकाळी चहाबरोबर पाव लागतो ना, तोही मी घरी करीन. मैद्यात दही-साखर कालवून आंबवण लावलं.

शनि. १९

आंबवण सकाळी होतं तसंच, थंडगार. बैलगाडीत हाडं खिळखिळी झाली. वैनगंगेवर वारा असा की वत्सूने शालीतून हात काढला नाही. पण देवळाशी सुमी जी सुटली! कुठल्या भिंतीवर कोण नाचते, कोणाचा हात तुटलाय, कुठली मूर्ती तिरप्या उन्हातच बघायची, मावशीला ओढून ओढून दाखवलं. मी फुशारले. शाळेवाचून काय अडलंय आमच्या पोरीचं?

वत्सू म्हणाली, "अगं, एवढं डोकं घेऊन ही इथे चुलीपुढे बसणार?"

घरी आले तर आंबवण मेलेलं. फेकलं.

रवि. २०

शेजारच्या पार्वताबाई कुंपणावरून, "काऊन जी बाई, कोन बिमार हाये? डबलरोटी करून राह्यल्या म्हने!"

इथे पाव म्हणजे तापातून उठलेल्याचं खाणं. कोणी आजारी नाही, हे त्यांना पटेना. तरी ओंजळभर सुकी मोहफुलं दिली. "याचं पानी टाका पिठात. मंग पाहा कसं फुगते ते."

फुगलं. घरभर वास. हे नाकाला उपरणं लावून, "रेंजरच्या घरात मोहाच्या दारूची भट्टी! उद्या माझीच झडती घेतील." वत्सू हसून लोळली. मला हसू येईना.

तुपाचा रिकामा डबा, खाली-वर निखारे. पहिला पाव बुडाशी कोळसा, मधे गिच्च. डोळ्यांत पाणी आलं. धुराचं म्हटलं. दुसरा निघाला. काळपट, एका अंगाला कललेला, पण पाव. सुमीने गरमच तोडला, लोणी लावलं, डोळे मिटून खाल्ला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात,

"मावशी, पुण्यात असा रोज मिळते?"

"याहून पांढरा, हलका. कोपऱ्यावरच्या दुकानात."

"मले वाटलं आजारी माणसालेच देतात."

"मला म्हण, मला."

"मला," सुमी म्हणाली. लगेच. इतकं लगेच.

दोन दिवस मी दाखवत होते इथलं आणि ती बघत होती तिथलं. जायचंय का, विचारायला तिच्याजवळ गेले. तिच्या केसांतला मैदा झटकला आणि परत आले.

सोम. २१, सकाळी

मोटार यायची वेळ झाली. सुमीची ट्रंक उघडी आहे. कपडे भरलेले नाहीत. तळाशी माझी जुनी शाल मात्र घडी घालून ठेवलेली. तिने ठेवली, की आधीपासून तिथे होती, आठवत नाही.

उरलेला पाव शिदोरीला काढला. वत्सूने विचारलं, "एकीचा बांधतेस की दोघींचा?"

सुमी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी पावाकडे.

"तू सांग, आई."

वत्सू मोटार बघायला रस्त्यावर गेली आहे. सुमी अजून दारातच. उरलेला सगळा पाव फडक्यावर ठेवला आहे. गाठ मारलेली नाही.