पुस्तकाच्या मागचा रिकामा खिसा

प्रिय चिमणे,

दादाचा आशीर्वाद. मेहुण्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? सूनबाईंची मान मोकळी झाली का? (दिवसभर पडद्याकडे टक लावून बसल्यावर मान आखडणार नाही तर काय होणार!) भाच्याचं पोट कसं आहे? आणि तू? स्वतःच्या तब्येतीबद्दल तू कधी लिहीत नाहीस, म्हणून पुन्हा विचारतो. मी ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

झालं असं, की आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर आला. बाकीच्यांनी हात झटकले, मी मात्र या वयात उतावळा नवरा! एका बोटाने टायपिंग शिकलो आणि सात महिन्यांत सगळी पुस्तकं त्या यंत्रात घातली. पुस्तकाच्या मागच्या खिशात ती चिठ्ठी असायची ना, नेणाऱ्याने सही करून तारीख घालायची आणि ती पुस्तकाबरोबरच जायची-यायची, त्या सगळ्या चिठ्ठ्या काढून पोत्यांनी रद्दीत दिल्या. रद्दीवाला म्हणालासुद्धा, "काका, नक्की ना?" त्याला होती तेवढी अक्कल मला नव्हती.

यंत्र हुशार आहे, नाही म्हणत नाही. मुदत टळली की आपणहून निरोप धाडतं. पूर्वी कुणाच्या घरी आजारपण असलं तर मी दोन-दोन महिने काणाडोळा करायचो. यंत्राला तो येत नाही, आणि शिकवायचं मला सुचलं नाही. आपला घड्याळजी गेला (हो, गेला. हे आधीच लिहायला हवं होतं, पण हात धजावेना) आणि पाचव्या दिवशी त्याच्या फोनवर निरोप: पुस्तक त्वरित परत करा, अन्यथा सभासदत्व रद्द. फोन नर्सबाईंच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातात.

त्या स्वतः पुस्तक घेऊन आल्या. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, "दादा, एखादी जुनी चिठ्ठी दाखवता? आमच्या दोघांच्या सह्या आहेत ना, एकाखाली एक." आठवतं ना तुला? लग्नाआधी त्या जे पुस्तक परत करायच्या, तेच हा मागोमाग न्यायचा. बाळंतपणाचं ते जाडजूड पुस्तकसुद्धा नेलं होतं गाढवाने! मी विचारलं होतं, "काय रे, घड्याळं व्यायला लागली की काय?" तर कानापर्यंत लाल झाला.

मी ऐटीत बटण दाबलं. 'नोंद आढळली नाही.' पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. "यात नाही हो," म्हणालो, जणू चूक त्यांचीच. त्यांनी कपाटातली चार पुस्तकं काढली, प्रत्येकाच्या खिशात दोन बोटं घालून पाहिली. "असू द्या दादा, तुम्ही तरी काय करणार?"

चिमणे, सगळं मीच तर केलं होतं!

तुझा,
दादा

ता. क. भाच्याच्या वेळी तू नेलेलं ते बाळंतपणाचं पुस्तक अजून तुझ्याकडेच असणार. (भाचा चाळिशीला आला, पुस्तक काही आलं नाही. इतकी वर्षं चारचौघांत तुला चोर म्हणत आलो, ते शब्द मागे घेतो.) मागचा खिसा बघ. चिठ्ठीवर तुझ्या सहीच्या वर त्या दोघांच्या सह्या असतील. नीट गुंडाळून पाठव.

आणखी एक. कॉम्प्युटरात त्या पुस्तकापुढे मी 'हरवलं' असं लिहिलंय, ते तसंच राहील. पुस्तक बाईंच्या घरी जाईल, बिनमुदतीचं. पण खिसा रिकामा निघाला, तरी लगेच दोन ओळी लिही. बाईंना मी अजून काही बोललेलो नाही.