मारतहळ्ळीत दीड फेरा चालत नाही

तीर्थरूप सूर्यकांतकाकांना शाल्मलीचा बेंगळुरूच्या मारतहळ्ळीहून नमस्कार. (वाकून केलाय, चौथ्या मजल्यावरून, नागपूरच्या दिशेला. दिशा चुकली असेल तर सांभाळून घ्या.) गुडघा काय म्हणतो? रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकून त्यांचे रोग सांगणं चालू आहे ना? मी मजेत आहे, म्हणजे फोनवर सगळ्यांना तसंच सांगते. तुम्ही मात्र आठ महिने 'येतो, येतो' म्हणताय, अन् लगेच 'तिथे येऊन मी काय करू?' असंही. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी तुमच्या मोटरसायकलचे प्रताप ऐका.

निघताना तुम्ही बजावलं होतं: कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, अन् ब्रह्मदेव आला तरी त्याला हात लावू द्यायचा नाही. इथे आल्यापासून रेस दिली की गाडी आधी खोकायची, विचार करायची, काळा धूर सोडायची अन् मी नाद सोडला की एकदम उधळायची. एकदा सिग्नलला पुढच्या रिक्षात जवळजवळ जाऊन बसले (भाडं न ठरवता). गल्लीतले मेकॅनिक हयवदन अण्णा म्हणाले, बेंगळुरू उंचावर, हवा विरळ, पेट्रोल जास्त पडतंय, स्क्रू स्वल्प बाहेर घेऊ. भांडले ना मी! आमचे काका दीड म्हणाले म्हणजे दीड. तीन आठवडे तशीच धक्के खात ऑफिसला गेले, तुमची अब्रू राखायला. शेवटी प्लग काजळून गाडी बंदच पडली, तेव्हा अण्णांनी तो स्क्रू सव्वादोन फेऱ्यांवर आणून ठेवला. लोण्यासारखी चालायला लागली मेली.

अन् तिथेच घोळ झाला. दर शनिवारी अण्णांशी भांडायला जायची सवय लागली होती हो. माझं हिंदी, त्यांचं कन्नड, पण तासभर कोणीतरी माझ्याशी बोलायचं. बाकी आठवडाभर ऑफिसच्या कॉलवर 'माझा आवाज येतोय का' एवढंच, अन् सुट्टीच्या दिवशी तेही नाही. म्हणून, रागावू नका, पुढच्या शनिवारी मी घरीच तो स्क्रू अर्धा फेरा आत फिरवला अन् 'अण्णा, परत झटके' म्हणत गेले. त्याच्या पुढच्याही शनिवारी. तिसऱ्या खेपेला अण्णांनी स्क्रूवरून कार्बोरेटरवर जाणारी पिवळ्या रंगाची रेघ मारली. मला वाटलं, शोभेला. आठवड्याने ती रेघ तुटलेली त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. लाजेने अर्धी झाले. ते नुसते 'सरी' (म्हणजे 'बरं') म्हणाले, स्टूल पुढे सरकवलं अन् बायकोला, मथुराअक्कांना, कॉफी करायला सांगितली. पान्याला हातही लावला नाही. मला रडूच आलं. पेट्रोलच्या वासाने, असं सांगितलं.

तुमची लाडकी (हे मीच ठरवलंय),
शाल्मली

ता. क. आता मूळ काम. मागे माणूस बसला की गाडी अजून अडखळते. मी एकटी, मागे कोणाला बसवून बघू? अण्णा म्हणतात, आवाज ओळखणारा जाणता माणूस पाहिजे. तुम्हाला आठ दिवस यावंच लागेल.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. रविवारी मथुराअक्कांना मागे बसवून बनशंकरीच्या देवळात जाऊन आले, एक झटका नाही. तुमच्यासाठी इथे काहीच काम नाही. मलाच करमत नाही. या ना काका.