मामांचं दुखणं

कामोठे, ६ जानेवारी

ति. मामांस,
सुनेचा सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तुम्ही ‘बरंय’ म्हणता आणि ठेवून देता, म्हणून कागद घेतला. त्या रविवारी माझे आईबाबा जेवायला आले, आणि तुम्ही दोन घास खाऊन ताटावरून उठलात. दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून गावची गाडी धरलीत. सुगतच्या डोक्यात बसलंय की माझी आई तुम्हाला काहीतरी लागेल असं बोलली. आईला विचारलं तर ती रडायलाच लागली. तो आता माझ्याशी कामापुरतं बोलतो, नेरूळला आईकडे पाऊल टाकणार नाही म्हणतो. घरात नुसतं टेन्शन आहे. मामा, चुकलं असेल तर कान धरा, पण काय चुकलं ते तरी सांगा.

लोभ आटू देऊ नका.
तुमची सून,
दीक्षा

हिंगोली, १३ जानेवारी

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम व मंगलकामना.

लेकरा, तुझ्या आईचा काडीचा दोष नाही. सुगतची आई असती तर हे तिला सांगितलं असतं. ते सुनेला लिहायची पाळी आली, मान वर होत नाही. मला दीड वर्षापासून शौचाच्या जागी चीर आहे. संडासला बसलं की काचेनं कापल्यासारखं होतं, मग तासन्‌तास आग. रक्तही जातं. इथं डॉक्टरची पाटी लावून बसलेल्या एका भोंदूनं मूळव्याध म्हणून इंजेक्शनं टोचली, त्यानं वाढलंच.

तुमच्याकडे संडास एक. सकाळी तू ऑफिसच्या घाईत बाहेर उभी, अन् मी आत आवाज फुटू नये म्हणून दातात पंचा धरून. त्या रविवारी तुझ्या आईनं मायेनं मटण वाढलं, अन् मला उद्याची सकाळ दिसायला लागली. म्हणून उठलो.

विहारात मी तासभर बोलतो, पण पोराला हे दोन शब्द सांगता येत नाहीत. सुगतला कळू देऊ नको, एवढं माझं ऐक.

या म्हाताऱ्यावर राग धरू नको.
बाजीराव

कामोठे, २१ जानेवारी

ति. मामांस,
सविनय जयभीम, वि. वि.

सांगणार नाही, शब्द दिला. पण पत्र वाचून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रोज दारावर टकटक करायचे, किती वेळ म्हणून!

ऑफिसमधल्या पुतळाताईंना तुमचं नाव न घेता विचारलं. त्यांना बाळंतपणानंतर हेच झालं होतं. याला फिशर म्हणतात, मूळव्याध नाही. नेरूळला एक डॉक्टरीणबाई आहेत. आधी मलम आणि कोमट पाण्यात बसणं. पुष्कळांचं तेवढ्यानं भरतं. नाहीच भरलं तर छोटं ऑपरेशन. तुम्ही या. सुगतला मी डोळे तपासायचं कारण सांगितलंय.

काल आईचा वाढदिवस होता. मी एकटीच जाऊन आले. तक्रार नाही, घरची बातमी म्हणून लिहिलं.

माया आहे तशीच असू द्या.
दीक्षा

हिंगोली, १८ मे

चि. दीक्षास,
सप्रेम जयभीम व मंगलकामना.

सुखरूप पोचलो. दुखणं गेलं. संडासला जाताना आता छातीत धडधडत नाही, पोटभर जेवतो.

मलमानं दोन महिन्यांत गुण येईना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनचं समजावलं, ते आठवतं ना? आतला आवळलेला स्नायू थोडा कापायचा. दुखणं थांबतं, पण काहींना वारा आवरत नाही, कपड्याला डाग लागतो. तू शेजारी बसून ऐकत होतीस, अन् घरी सुगत तुझ्याकडे पाठ करून जेवत होता. माझ्या लाजेपायी तू सोसत होतीस. त्याच दिवशी त्याला खाली सोसायटीच्या बाकावर नेलं अन् सगळं सांगितलं. आधी चिडला, मला परका समजलात म्हणाला. मग तुझ्या आईचं आठवलं तसं तोंड झाकून बसला. तुझ्यासमोर यायला त्याचा पाय उचलेना. पुढं तो नेरूळला माफी मागून आला, ते तू पाहिलंसच.

बाईंनी सांगितलं तेही झालंय. जोरात खोकला आला की वारा आवरत नाही. कमी होतंय, पण अगदी जाईल असं त्यांनीही छातीठोक सांगितलं नाही. विहारात मागं, दाराजवळ बसतो. लोक पुढं बोलावतात, मी गुडघ्याचं निमित्त सांगतो. लाज सगळी गेली असं खोटं कशाला लिहू?

एक तुला सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर तू ऑफिसला गेलेली असताना चादरीला डाग लागला. मी बाथरूममध्ये नळ बारीक सोडून, चोरासारखा धूत बसलो. सुगत त्या दिवशी घरीच होता, मागून आला. मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानं चादर माझ्या हातातून घेतली, पँट दुमडून खाली बसला, अन् धुण्याचा साबण कुठं असतो एवढंच विचारलं. मला कुठं ठाऊक! त्यालाही ठाऊक नाही. बापलेकांनी सगळं घर धुंडाळलं. शेवटी भांड्याच्या साबणानं धुतली, अन् वाळत घालताना दोघांनाही हसू आवरेना.

तो आता धुण्याला हात लावतो का, ते कळव. तुझ्या आईस जयभीम सांग. या घरावर तुझा जीव राहू दे.

तुझा,
बाजीराव