सहा मिनिटांची जमीन

स्कोग लेक,
१२ ऑक्टोबर २००९

चि. ऑर्लिन यास ताईचे अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग थोडी कानउघाडणी. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण गेल्या दोन्ही वेळा मी फोन आपटला आणि नवा घ्यायची माझी इच्छा नाही. पत्र तुला फाडता येईल, पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू काही फाडत नाहीस, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे.

गुरुवारच्या पेपरात तुझा फोटो पाहिला. बिल्डर संघटनेचे अध्यक्ष म्हणे, टाय लावून! खाली छापलं होतं की, नव्या घरांच्या छतात आग विझवणारे पाण्याचे फवारे बसवायची सक्ती म्हणजे सरकारने लोकांच्या डोक्यावर येऊन बसणं. वाक्य झकास आहे, टाळ्या पडल्या असतील. पण तो पेपर आमच्या आगीच्या बंबाच्या शेडमध्येही वाचला गेला आणि तिथे कोणी हसलं नाही. आमचा प्रमुख हेल्मर म्हणाला, भावाला सांग, डोक्यावरचं राहू दे, आमच्या पायाखालचं बघ.

त्याचा अर्थ सांगते. सप्टेंबरात आम्हा स्वयंसेवकांचं शिबिर झालं. बावीस जण, त्यात वायरलेस सांभाळणारी मी म्हातारी आणि माझा मुलगा कर्टिस. शिक्षकाने उघड्या शेतात घरातल्यासारख्या दोन लाकडी जमिनी उभ्या केल्या होत्या. एक बाबांच्या काळच्या अखंड लाकडाच्या तुळयांवर, दुसरी तू हल्ली वापरतोस त्या लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या हलक्या तुळयांवर. दोन्हींखाली सारखाच जाळ लावला. जुनी अठरा मिनिटं टिकली. नवी सहाव्या मिनिटाला खाली बसली. आणि आमचा बंब बोलावणं आल्यापासून दारात पोचायला चौदा मिनिटं घेतो, तेही रस्त्यावर बर्फ नसेल तर. पुढचं गणित तू कर, शाळेत तुझंच बरं होतं.

फवारा असला की आग लागते त्याच कोपऱ्यात बसते. आमचं मागणं एवढंच आहे. मार्चात राजधानीत समितीपुढे सुनावणी आहे आणि संघटनेतर्फे तू बोलणार असं कळतं. बोलण्याआधी एकदा शेडमध्ये ये. कॉफी वाईट असते, माणसं चांगली आहेत.

सौ. जोलीनला सांग, तिच्या गुडघ्याची चौकशी केली आहे. लोभ आहे, पण तो गृहीत धरू नकोस.

तुझी,
आर्डेलताई

---

हॅरिस्टन,
२ नोव्हेंबर २००९

ती. ताईस सा. न. कान उघडले, अजून खाजताहेत. वि. वि.

पेपरवाल्याने माझं अर्धंच बोलणं छापलं. पुढे मी म्हणालो होतो की, नवं घर महाग झालं की तरुण जोडपी आजीच्या जुन्या घरातच कुढत राहतात, आणि जळतात ती जुनी घरं. तिथल्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या असतात. नव्या घरात प्रत्येक खोलीत धुराचा भोंगा असतो. तो वाजतो, माणसं बाहेर पडतात, घर गेलं तर विम्याचं गेलं. मला सांग, यात मी कोणाचा जीव घेतला?

मागच्या वर्षी मी अकरा घरं बांधली, यंदा तीन. पाच सुतारांना घरी बसवलं. त्यातला एक माझ्याकडे सतरा वर्षं होता. तुमच्याच गावच्या क्वाम जोडप्याचं उदाहरण घे. दोन वर्षांपूर्वी त्यांचं घर बांधताना मी आपण होऊन फवाऱ्यांची गोष्ट काढली. नवरा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी त्याला शवपेटी विकतोय. पैसे पुरत नाहीत म्हणून त्यांनी आधीच तळ्याकडची मोठी खिडकी सोडली होती. त्यांना मी काय सांगू, सरकार म्हणतं म्हणून पोर्चही सोडा?

शिवाय आपल्याकडे विहिरीचं पाणी, विजेवरचा पंप आणि उणे तीसची थंडी. छतात नळ फुटला म्हणजे काय होतं ते मी पाहिलंय. एका बाईच्या लग्नातल्या बश्यांवर अख्खं छत आलं होतं.

तुळयांचं म्हणशील तर कायदा त्यांना परवानगी देतो. त्या सरळ असतात, करकरत नाहीत, आणि बाबांच्या काळचं लाकूड आता जंगलात राहिलेलं नाही. आणि सक्तीचं तू मला सांगावंस? सरकार मला बांधणार काय, म्हणत बाबांनी पिकअपच्या सीटचे पट्टे कापून टाकले, तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि कात्री तूच आणून दिलीस.

कर्टिसला म्हणावं, मामाने बर्फातल्या मासेमारीचं खोपटं यंदा दुरुस्त केलंय. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
ऑर्लिन

---

स्कोग लेक,
१५ नोव्हेंबर २००९

चि. ऑर्लिन यास आशीर्वाद, नेहमीपेक्षा एक कमी.

कात्री मीच दिली, खरं आहे. पुढच्याच हिवाळ्यात त्या पिकअपच्या काचेवर बाबांचे पुढचे दात गेले. बर्फातून ते वेचले मीच. तेव्हा तू शाळेत होतास, म्हणून आठवत नसेल.

नळ फुटतात म्हणतोस. मग ते गरम बाजूने ने, तळघरात टाकी ठेव. स्वयंपाकघरात नळ नेताना तुला थंडी आडवी येत नाही. आणि भोंगा माणसांना बाहेर काढतो, हे कबूल. पण तो ऐकून आत जाणारी माणसं आम्ही आहोत. आमच्याबद्दल तुझ्या तीन पानी पत्रात एक ओळ नाही. मी दोनदा शोधली.

थँक्सगिव्हिंगला दोघंही या. टर्की कर्टिस आणतोय, बटाट्याचे लेफ्से मी लाटीन. जेवताना छत आणि जमीन हे दोन्ही विषय बंद. फार तर भिंतींबद्दल बोलू.

लोभ होता तिथेच आहे.

आर्डेलताई

---

स्कोग लेक,
१४ फेब्रुवारी २०१०

ऑर्लिन,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. तो आहे असं समज.

मंगळवारी तू इस्पितळात आलास, टोपी हातात धरून व्हरांड्यात उभा राहिलास आणि कोणाशी न बोलता गेलास. जोलीनचे फोन मी उचलले नाहीत. काय झालं ते तुला गावातल्या लोकांकडून कळलं असेल. ते माझ्याकडून कळायला हवं.

गेल्या रविवारी सकाळी दहाला, चर्चची घंटा होऊन गेल्यावर, क्वामांच्या शेजारणीचा फोन आला. तळघराच्या खिडकीतून धूर येत होता. कुत्रीच्या पिल्लांना ऊब म्हणून त्यांनी तिथे दिवा लावून ठेवला होता. शेजारीण म्हणाली, सगळे चर्चला गेलेत, पण त्यांची म्हातारी घरीच असावी, तिची काठी पोर्चवर दिसतेय. बंब सोळा मिनिटांत पोचला. मी वायरलेसवर होते. कर्टिसने सांगितलं की ज्वाळा दिसत नाहीत, फक्त धूर आहे, आणि आत भोंगे वाजताहेत. तुझे भोंगे उत्तम चालले, ऑर्लिन. रिकाम्या घरात सगळेच्या सगळे वाजत होते.

हेल्मरने त्याला म्हातारीला शोधायला आत पाठवलं. कर्टिस म्हणाला, जमीन मऊ लागतेय. मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. जमीन फुटून तो तळघरात पडला होता. हेल्मर आणि दुसऱ्या एकाने भोकातून शिडी सोडून त्याला वर ओढलं, त्यात चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं मी यंत्रावर त्याचं नाव घेत होते. नियमाप्रमाणे नाव घ्यायचं नसतं, नंबर घ्यायचा असतो.

दोन्ही पाय मोडलेत, डावा तीन ठिकाणी. पाठ भाजली आहे. जगेल. म्हातारी मुलाच्या गाडीत बसून चर्चला गेली होती, ती सुखरूप आहे. काठी विसरली होती.

काल शुद्धीत आल्यावर त्याने विचारलं, मामाला कोणी काही बोललं नाही ना? मी म्हटलं, नाही. म्हणून आता लिहून बोलते आहे. त्या जमिनीखाली एक फवारा असता तर पिल्लांच्या टोपलीपुढे आग गेली नसती. तू कायदा मोडलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. तेच मला सहन होत नाही.

आर्डेल

---

हॅरिस्टन,
११ मार्च २०१०

ती. ताईस सा. न.

महिनाभर रोज एक पत्र लिहिलं आणि रोज फाडलं. आता सांगण्यासारखं काहीतरी आहे.

मंगळवारी सुनावणी झाली. कर्टिसजवळ थांबायचं म्हणून तू आली नाहीस, हे हेल्मरने सांगितलं. तो बाकावर माझ्या शेजारीच बसला होता, टोपीची कड कुरतडत. संघटनेने माझं भाषण टाईप करून दिलं होतं. मी उभा राहिलो आणि ते वाचता येईना. मी म्हणालो, क्वामांचं घर मी बांधलंय. तपासनीसाने प्रत्येक कागदावर सही केली आहे, एकही चूक निघाली नाही. आज परत बांधायला सांगितलंत तर तस्संच बांधेन आणि तपासनीस परत सही करेल. त्याच जमिनीतून माझा भाचा खाली गेला. सक्ती वाईट असते असं मी आयुष्यभर म्हणत आलो. पण बारा वर्षांत एकोणीस गिऱ्हाइकांना मी फवारे हवेत का विचारलं, त्यातल्या एकानेही हो म्हटलं नाही. मर्जीवर सोडलं तर काय होतं, ते या खोलीत माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

तिथे घंटा वाजली. बोलायला तीनच मिनिटं असतात. अध्यक्षीणबाईंनी आभार मानले आणि विचारलं, म्हणजे आपण बाजूने आहात की विरोधात, नोंद करायची आहे. मी बाजूने म्हणालो. माझ्यानंतरच्या माणसाने संघटनेचं तेच टाईप केलेलं भाषण पहिल्या ओळीपासून वाचलं.

नऊ विरुद्ध चार मतांनी प्रस्ताव पडला. बिल्डरने गिऱ्हाइकाला फवाऱ्यांचं पत्रक द्यावं, एवढी शिफारस केली आहे. पत्रक, ताई! जेवणाच्या सुट्टीत संघटनेच्या सेक्रेटरीने मला बाजूला घेतलं. म्हणाला, दुःखात माणूस बोलून जातो, आम्ही समजू शकतो, तरी राजीनामा दिलात तर बरं. मी दुःखात नव्हतो, संतापलो होतो. राजीनामा तिथेच लिहून दिला, त्याच भाषणाच्या पाठीवर.

कर्टिसला भेटायला येऊ का? नाही म्हणालीस तरी चालेल.

तुझा,
ऑर्लिन

---

स्कोग लेक,
२८ मार्च २०१०

चि. ऑर्लिन यास आशीर्वाद. वि. वि.

तू बोललास ते हेल्मरने शेडमध्ये जसंच्या तसं सांगितलं, आवाज काढून. मला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं झालं नाही. हेच ऑक्टोबरात बोलला असतास तर, असं सारखं मनात येतं, आणि तेव्हाही नऊ विरुद्ध चारच झालं असतं हेही येतं. मग चीड कोणावर काढू कळत नाही, म्हणून स्वयंपाकघराची फरशी घासते. चारदा घासून झाली.

कर्टिस कुबड्यांवर उभा राहिला. उभा राहिल्याबरोबर हेल्मरला विचारलं, परत कधी येऊ. माझ्यासमोर! मी म्हटलं, आधी संडासापर्यंत जा. तो हसला, पण त्याने विचारायचं सोडलं नाही.

आता दुसरं ऐक. क्वाम त्याच पायावर घर बांधणार आहेत. म्हातारीची सून दुकानात भेटली, रडली, कर्टिससाठी केक दिला. तुझ्याकडे गेले होते म्हणे, पण फवाऱ्यांशिवाय घर बांधणार नाही असं तू सांगितलंस, म्हणून दुसरा बिल्डर धरला. मी विचारलं, अगं, अजूनही नको? ती म्हणाली, असं एखाद्याच्या वाट्याला दोनदा येत नाही हो. विम्यात तळ्याकडची मोठी खिडकी बसतेय या वेळी. केक घेऊन घरी आले. चांगला झाला होता.

ये भेटायला. कर्टिस वाट बघतोय. मी फार बोलणार नाही. बोलले तर ऐकून घे.

आर्डेलताई

---

हॅरिस्टन,
१९ एप्रिल २०१०

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आलो तेव्हा तू खरंच फार बोलली नाहीस, त्याचीच मला जास्त भीती वाटली. येताना क्वामांच्या जागेवर थांबलो. नव्या बिल्डरची गाडी उभी होती. पायाशेजारी ताडपत्रीखाली तुळया रचलेल्या होत्या. ताडपत्री उचलून पाहिली. त्याच.

घरी येऊन जुन्या नकाशांचं कपाट उघडलं. क्वामांचं जळलेलं सोडून, तुमच्या बंबाच्या हद्दीत अशा तुळयांवर मी आजवर चौतीस घरं बांधली. त्यांच्या मालकांना पत्रं लिहिली आहेत की, जाळ लवकर वर चढू नये म्हणून तळघराच्या छताला खालून जिप्समचे जाड पत्रे मारून देतो, मजुरी घेणार नाही, आणि फवारे हवे असतील तर तेही बसवून देतो. तीन उत्तरं आली. दोन पत्र्यांना हो म्हणाले, एकाने वकिलाचं नाव कळवलं.

म्हणून सोबतचा गठ्ठा पाठवतो आहे. प्रत्येक घराचं एक कार्ड केलंय आणि जोलीनने पाण्याने भिजू नये असं प्लॅस्टिक चढवलंय. तळघराचा जिना कुठे, बाहेरून आत जायचं दार कुठलं, कुठल्या खोल्यांखाली हलक्या तुळया आहेत, सगळं माझ्या हाताने काढलंय. लाल भाग म्हणजे जमीन धरणार नाही, तिथे कोणाला पाठवायचं नाही. क्वामांच्या नव्या घराचं पस्तिसावं कार्ड केलं आहे. घर माझं नाही, पण आत कोण जाणार ते मला माहीत आहे. कार्डं बंबात, हेल्मरच्या हाताला लागतील अशी ठेव, आणि घराचा पत्ता सांगताना तू लाल की साधं तेही यंत्रावर सांगत जा. कर्टिस परत जायचा तो जाणारच, मी समजावून पाहिलं.

बारा नंबरचं कार्ड पाहून दचकू नकोस. मत्स्यतळ्याच्या वळणावरचं ते घर आमचंच आहे, दर उन्हाळ्यात आम्ही राहतो ते. पूर्ण लाल आहे. तिथले पत्रे जूनपर्यंत मारून होतील, पण तोवर बोलावणं आलं तर तिथेही कोणाला आत सोडू नकोस. मी आत आहे असं कोणी सांगितलं तरी.

कार्डं मिळाल्याचं कळव. माया ठेव.

तुझा,
ऑर्लिन