सडलेली वरई

गेनूपाव्हणं यांस,

पासलीहून मानसिंगचा वाकून रामराम. वयनींचा गुडघा, तांबड्या गाईचं वासरू, समदी बरी असतील. (तुमची बहीण आठ दिस तुमच्या घरी रुसून बसलीय, ती बरी हाय का, ते मी इचारत न्हाई.) फोनच केला असता, पण मोहिनीनं माझा नंबर बंद केलाय आन तुमचा मोबाईलबी तीच उचलती, म्हणून पत्र.

झालं असं. गिरणीत वरईचा चुरा हुतो, म्हणून तिनं तुमच्या शिवरात्रीच्या उपासासाठी उखळात कुटून पायलीभर वरई काढली, आन वेल्ह्याच्या बाजाराला जाताना मोबाईलवर लिवलं, "वरई सडली हाय, बगा." आता गिरणी आल्यापासनं सडणं म्हंजी कुजणं, एवढंच डोस्क्यात ऱ्हायलंय हो! (टरफल काढायलाबी सडणंच म्हणत्यात, हे इसरलोच.) वास न घेता, न बगता म्या आख्खी पाटी कोंबड्यांपुढं वतली. तुमचा उपास लागायच्या आधी कोंबड्यांचा सुटला. सांजच्याला मोहिनीनं रिकामी पाटी बगितली, आन पिशवी भरून तुमच्याकडची येष्टी धरली. त्यापरीस डोस्क्यात मुसळ घातलं असतं तर बरं.

मग म्याच मुसळ उचललं. पाव्हणं, काय सांगू! दुपारची समदी आळी निजलेली, मुसळाचं धप्प धप्प, उन्हात कोंडा असा सावकाश तरंगतोय की डोळं आपसूक मिटत्यात. वरई पांढरी निघाया लागली की मला ताटात मऊ भगर दिसायची, तिच्यावर दाण्याची आमटी, कडंला काकडीची कोशिंबीर. मग वाढणारा हात दिसायचा, बांगड्या वाजायच्या. तेवढ्यात मुसळ पायाच्या अंगठ्यावर. (अंगठा काळानिळा झालाय. तिच्या कानावर घातलं तरी चालंल.) तीन दिस असं कुटलं, तवा कळलं ती पंधरा वर्सं हितं काय करत हुती. म्या कधी येकदा बरं म्हणलं न्हाई तिला. लई वंगाळ वाटलं.

वरई टेम्पोवाल्यासंगं धाडलीय, ती घ्यावी.

तुमचा,
मानसिंग

ता. क. त्यातली निम्मी शेजारच्या चंद्राबाईनं सडलीय. बरं, निम्म्याहून जास्तच. पाखडली तर समदी तिनंच. मोहिनीला हे सांगू नगा.

ता. क. आणखी येक. मोहिनीनं माझं इचारलं, तर खुशाल हाय म्हणा. न्हाईच इचारलं, तर लई आजारी हाय म्हणा, आन पयल्या येष्टीत बसवून द्या.