ओळीतला उरलेला शब्द

बाबा, आज तुमच्या पुण्यतिथीला आपल्या अकोल्याच्या घरात नऊच जण जमले. तुमच्या नावाची कद्दिशची प्रार्थना राहिली. दहा ज्यू पुरुष असल्याशिवाय ती म्हणता येत नाही, हे तुम्हाला कोण सांगणार? हल्ली लोक मला रब्बी म्हणतात. मी कसला धर्मगुरू! बँकेतून रिटायर झालेला माणूस, प्रार्थनेचं हिब्रू पुस्तक वाचता येतं म्हणून पुढे उभा राहतो, तुम्ही राहायचात तसाच. निम्मं काम तर फोन करण्याचं असतं. कुणाला आणायला गाडी पाठव, कुणाच्या गुडघ्यांसाठी खुर्ची ठेव, कुणाचा रुसवा काढ.

माणसं आकड्यांनी मोजू नयेत, असा तुमचा रिवाज. तुम्ही त्या पुस्तकातली दहा शब्दांची एक ओळ म्हणत एकेकाच्या तोंडाकडे बघायचात, माणसागणिक एक शब्द. ओळ पुरी झाली की चेहरा खुलायचा तुमचा. मी अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा आजीच्या पुण्यतिथीला दहावा मीच होतो. आणि मी मित्रांबरोबर सेमाडोहच्या जंगलात फिरायला निघून गेलो. अंगात मस्ती होती, आणि आपण असे मूठभर का, दर वेळी मीच का पुरायचं, याचा रागही होता. संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, मूर्तिजापूरजवळ बस बंद पडली. तुम्ही पुस्तक फडक्यात गुंडाळत होतात. "एक शब्द उरला," म्हणालात. पुस्तक फळीवर ठेवलंत आणि म्हणालात, "जेवून घे. मलिदा ठेवला हाये तुयासाठी." गूळ-खोबऱ्याचे ते पोहे मी खाली मान घालून संपवले.

तुम्हाला दफन करून आलो त्या दिवशी शेजारच्या टेलरचाचांनी मला बाजूला घेतलं. आजीच्या त्या पुण्यतिथीला, ज्यू नसले तरी, तेही नेहमीसारखे टोपी घालून येऊन बसले होते. "म्या म्हनलं, भाऊ, मले धरा ना, दहा होतेत. तुया बाप म्हने, तुमी तं घरचेच, पन हे माया हातचं नाई. तीनदा स्टँडवर जाऊन आला तो. अमरावतीच्या साऱ्या गाड्या टायमावर होत्या, बेटा." म्हणजे मी दारात पाऊल टाकलं तेव्हाच तुम्हाला सगळं ठाऊक होतं. लाजेनं मला मान वर करवेना.

आज दहावा माझा भाचा होता. तोही अमरावतीलाच शिकतो. सगळे टोप्या घालून बसलेले आणि त्याचा फोन आला, "मामा, बडनेऱ्याजवळ गाडी बंद पडली. मेकॅनिक शोधून राहिलो." फोनमध्ये त्याच्या मागे पोरं "आउट! आउट!" म्हणून बोंबलत होती. तळपायाची आग मस्तकात गेली, बाबा. तुमच्याच नातवानं तुमची प्रार्थना बुडवली होती. त्याला उभा-आडवा घेणार होतो, पण तोंडातून निघालं, "बरं. संध्याकाळी ये. मलिदा ठेवतो." इतकी वर्षं मी समजत होतो की तुमचा स्वभावच शांत. आज कळलं, तुम्हीही असेच पेटला होतात. पोरगं पुढच्या वेळी तरी यावं, म्हणून सगळं गिळलंत.

भाचा आता आत जेवतोय, मान खाली घालून. मी त्याला काही विचारलेलं नाही. हे पत्र तुमच्या पुस्तकाच्या फडक्यातच राहील, टपाल कुठलं. एक गोष्ट तुम्हाला ठाऊक असली तरी माझ्या तोंडून तुम्ही कधी ऐकली नाहीत. बाबा, बस बंद पडली नव्हती.